प्राणी क्रमांक दोन

अंबादास क्षीरसागरांच्या डाव्या डोळ्यात काहीतरी बिघडलंय, हे जगात सगळ्यांत आधी कळलं ते एका पालीच्या पेटीला. ना डॉक्टरला, ना मुलीला, ना खुद्द अंबादासांना. पेटीनं ते लगेच सांगितलंही. मोठ्या आवाजात, स्वच्छ मराठीत. पण पेटीचं ऐकतो कोण?

पाल म्हटल्यावर नाक मुरडू नका. ट्यूबलाइटमागं दडून किडे मटकावणारी ती आपली घरची पाल नव्हे. हा लेपर्ड गेको. वीतभर लांब, हळदीच्या रंगाचा, अंगभर काळे ठिपके, शेपूट गाजरासारखं जाड. भिंतीवर चढायची कला याला येत नाही. उलट बाकीच्या पालींना नसतात त्या पापण्या याला असतात, त्यामुळे तो माणसासारखा डोळे मिटून झोपतो आणि उठल्यावर उघडझाप करत बघत बसतो. शलाकानं कॉलेजात असताना नोंदणीच्या पैदास केंद्रातून तो रीतसर दाखल्यासकट आणला. शिकार दिसली की शेपूट सावकाश इकडून तिकडं हलवतो, म्हणून घड्याळजीच्या घरात त्याचं नाव पडलं लंबक. मग शलाकाला पुण्यात नोकरी लागली आणि तिनं लंबकला बापाच्या गळ्यात मारलं. "दोन महिने सांभाळा, अप्पा. खोली मिळाली की नेतेच." त्याला आता नऊ वर्षं होऊन गेली होती.

अंबादासांचं सोलापुरात नव्या पेठेत घड्याळदुरुस्तीचं दुकान, वर घर. बायको जाऊन बारा वर्षं झालेली. आता तुम्ही म्हणाल, मनगटावरच्या पट्ट्या नाडी मोजतात, झोप मोजतात, त्या काळात घड्याळं दुरुस्त करून घेतं कोण? घेतात की! चावीच्या घड्याळाचे शौकीन अजून आहेत, आणि असली घड्याळं उघडणारे हात उरलेत बोटांवर मोजण्याइतके. त्यातले दोन हात अंबादासांचे. वय सदुसष्ट, पण सकाळी दहाला उजव्या डोळ्याला आयग्लास लावायचे, म्हणजे घड्याळजीचं ते काळं भिंग, आणि संध्याकाळी सहालाच उतरवायचे. डावा डोळा तेवढा वेळ उघडाच. मिटला की कपाळ दुखतं, असं त्यांच्या उस्तादांनी शिकवलं होतं. आपल्या नजरेचा त्यांना भारी तोरा. "केसाएवढी स्प्रिंग नुसत्या अंदाजानं बसवतो मी," असं गिऱ्हाइकानं विचारलं नाही तरी ते सांगत.

ह्या तोऱ्यानंच घोळ केला.

लेपर्ड गेको महिन्या-दीड महिन्यानं कात टाकतो आणि ती स्वतःच खाऊन टाकतो. त्यासाठी त्याच्या पेटीत ओलं फडकं घातलेली डबी ठेवावी लागते, म्हणजे कात मऊ होऊन सुटते. हवा कोरडी पडली की कातीचा तुकडा अडकतो, बोटांवर नाहीतर पापणीच्या आत. पापणीतला तुकडा वाईट. तो खुपतो, मग तिथं पू धरतो, डोळा मिटतो, आणि जो प्राणी डोळ्यानं बघून शिकार धरतो तो उपाशी राहायला लागतो. एप्रिलमधली सोलापूरची हवा कशी असते हे मी सांगायला नको. त्यात एका जुन्या घड्याळाच्या नादात अंबादास डबी ओली करायचं विसरले. लंबकच्या उजव्या पापणीत तुकडा अडकला. दुसरा कुणी असता तर घाबरून डॉक्टरकडं पळाला असता. अंबादासांनी आयग्लास लावला, चिमटा घेतला आणि लंबकला टेबलावर दिव्याखाली धरलं.

घड्याळ हलत नाही. पाल हलते. भिंगातून दिसत होता तो फक्त डोळा. लंबकनं उजवीकडून पाय कधी टेकवला आणि मान कधी फिरवली, अंबादासांना दिसलंच नाही. चिमट्याचं टोक सरळ बुबुळावर लागलं.

"काका, अहो ही काय एचएमटी आहे का?" डॉ. शबाना इनामदार म्हणाल्या. सोलापुरात सरपटणाऱ्यांचे डोळे बघणाऱ्या त्या एकट्याच. "कात आधी भिजवायची असते. भिजली की आपली आपण सुटते. ओढायची नाही." त्यांनी डोळा धुतला, थेंब दिले. उजव्या डोळ्यावर पांढरा डाग कायमचा राहणार, तिकडून त्याला जेमतेम उजेड-अंधार कळेल, असं सांगितलं. "आता डावा जपा. तो गेला तर ह्याला हातानं भरवावं लागेल."

अंबादासांना ते फार लागलं. घरी येऊन त्यांनी लेकीला फोन केला आणि पहिल्यांदाच म्हणाले, "माझ्या हातून वाईट झालं गं." चार दिवसांत शलाकानं पुण्याहून नेत्रपेटी पाठवून दिली.

ही नेत्रपेटी तिच्याच कंपनीची. दिसायला नेहमीची काचेची पेटी, पण आत दोन कोपऱ्यांत उडदाच्या दाण्याएवढे कॅमेरे. आजारी सरपटणारा प्राणी दुखणं लपवतो. ओरडत नाही, लंगडत नाही. त्याला अक्षरांच्या तक्त्यासमोरही बसवता येत नाही. मग विचारायचं कुणाला? तर थेट डोळ्याला. पेटी डोळ्यावर न दिसणाऱ्या प्रकाशाची बारीक तिरीप टाकते. ती बाहुलीतून आत जाते आणि डोळ्यामागच्या पडद्याच्या एकेका थरावरून परत येते. कुठल्या थरावरून परत यायला किती वेळ लागला, ह्यावरून थराची जाडी कळते. शिवाय पेटी एकदा ह्या डोळ्यावर, एकदा त्या डोळ्यावर मंद दिवा लुकलुकवते आणि बाहुली किती चटकन आवळते ते मोजते. मज्जातंतू निरोगी असेल तर बाहुली झटकन आवळते. तंतू झिजलेला असेल तर मेंदूला उजेडाचा निरोपच नीट पोचत नाही आणि बाहुली सुस्त राहते. बास, एवढंच. प्राण्यानं फक्त कॅमेऱ्याकडं बघायचं.

आणि प्राणी कॅमेऱ्याकडं बघतो कधी? जेवायच्या वेळी. रोज दिवेलागणीला अंबादास पेटीवर वाकून लंबकला अळी द्यायचे. तिसऱ्या दिवशी पेटी बोलली.

"प्राणी क्रमांक एक. उजव्या डोळ्यावर जुना व्रण. डावा डोळा उत्तम." अंबादासांनी मान डोलावली. "प्राणी क्रमांक दोन. डावा डोळा. बाहुलीचा प्रतिसाद मंद. मज्जातंतूचा थर पातळ. प्राण्याला तज्ज्ञाकडे न्यावे."

"दोन?" अंबादास म्हणाले. "दुसरा कुठून आला?"

त्यांनी पेटीत डोकावलं. लंबक एकटाच, अळी चघळत बसलेला. म्हणजे घरातली पाल शिरली असणार! अंबादासांनी केरसुणी उचलली. कपाटामागं बघितलं, घड्याळांमागं बघितलं, देव्हाऱ्यावरची तसबीर सरकवून बघितली. एक पाल सापडली खरी. तिला त्यांनी जिन्यातून पार रस्त्यापर्यंत पिटाळलं. दुसऱ्या दिवशी पेटीनं पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा. तेव्हा कुठं त्यांनी शलाकाला फोन लावला.

शलाका हसून हसून बेजार झाली. "अप्पा, दुसरा प्राणी म्हणजे तुम्ही! तुम्ही वाकता ना, तेव्हा पेटी तुमचेच डोळे मोजते. डोळे दिसले की मोजायचे एवढंच तिला माहीत. बग आहे. टेस्टिंगच्या वेळी कुणी एवढं जवळ वाकतच नव्हतं, आणि पेट्या बाजारात आल्यात त्या आत्ताच."

"म्हणजे तुझी पेटी मला पाल समजते."

"उद्या दुरुस्त करते. सोपं आहे. गेकोची बाहुली उभी, फटीसारखी असते. तुमची गोल. गोल बाहुली दिसली की नोंद बाजूला टाकायची, बोलायचं नाही. झालं काम."

शंकेची पाल तेव्हाच चुकचुकायला हवी होती, ह्याच्या नाहीतर तिच्या मनात. नाही चुकचुकली. दुसऱ्या दिवशी शलाकाची दुरुस्ती देशभरातल्या बाराशे पेट्यांत पोचली, आणि प्राणी क्रमांक दोनचं नाव काही परत निघालं नाही. क्रमांक एकबद्दलही पेटी बोलेनाशी झाली, पण बोलत नाही म्हणजे सगळं ठीक असणार. अंबादासांना बरं वाटलं. कुणी आपल्याला तज्ज्ञाकडं न्यायला सांगत नाहीये, हे कुणाला बरं वाटत नाही?

सहा आठवडे असे गेले. मग लंबकनं खाणं सोडलं.

पहिले दोन दिवस अंबादासांना वाटलं, उकाडा आहे. तिसऱ्या दिवशी लंबकचा डावा डोळा मिटलेला दिसला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. डॉ. इनामदारांनी कोमट पाण्याचे थेंब घालून घालून पापणीतून तांदळाच्या कणीएवढा गोळा बाहेर काढला. कात आणि पू. "अजून आठ दिवस गेले असते तर हाही डोळा गेला असता," त्या म्हणाल्या. "पण काका, ती पेटी काय झोपा काढत होती का?"

हे शलाकाच्या कानावर गेलं आणि शनिवारी सकाळी ती सोलापुरात हजर. चहासुद्धा न घेता तिनं पेटीतल्या नोंदी उघडल्या. पाच मिनिटांत कपाळाला हात लावला.

"माझंच शहाणपण," ती म्हणाली. "गेकोची बाहुली फटीसारखी असते ती उजेडात. दिवेलागणीला ती मोठी होत होत जवळजवळ गोल होते. म्हणजे नेमक्या जेवायच्या वेळी पेटीला तो माणूस वाटायचा आणि ती त्याची नोंद बाजूला टाकायची. अप्पा, डोळा बिघडताना पेटीला दिसत होता. मी तिचं तोंड बांधून ठेवलं होतं."

"होतं असं," अंबादास म्हणाले. "लंबकचं निभावलं ना? झालं तर मग."

शलाका अजून बाजूला टाकलेल्या नोंदी चाळत होती. लंबकच्या वेगळ्या केल्या, तरी अजून पुष्कळ उरल्या. ह्या डोळ्यांमधलं अंतर मोठं होतं आणि पापणीवर केस होते. बेचाळीस संध्याकाळी, बेचाळीस नोंदी. तिनं त्या ओळीनं मांडल्या. उजव्या डोळ्याची रेघ जवळपास सपाट, शेवटी किंचित झुकलेली. डाव्याची रेघ मुळातच खाली होती, आणि आणखी खाली उतरत चालली होती. शलाकानं ती दोनदा तपासली. मग खुर्ची ओढून बापासमोर बसली.

"अप्पा, पेटी खोटं बोलत नव्हती. तुमचा डावा डोळा चाललाय. उजव्यालाही सुरुवात झाल्यासारखी वाटते. बहुतेक काचबिंदू आहे. आजच डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊ."

अंबादासांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "माझा डोळा? सकाळीच मी सेकंदकाट्याचा खिळा बसवलाय. तो तुला भिंग लावून तरी दिसेल का?"

"तेच तर. काचबिंदू मधली नजर शेवटी खातो, कडेची आधी. डोळ्यातल्या पाण्याचा दाब वाढतो आणि मज्जातंतूचे धागे एकेक करून मरतात. दुखत नाही, लाल होत नाही. तुम्ही दिवसभर बघता किती? रुपयाच्या नाण्याएवढं. तेवढं तुम्हाला शेवटपर्यंत लख्ख दिसेल. अख्ख्या सोलापुरात सगळ्यांत उशिरा हे कुणाला कळणार असेल तर ते तुम्हाला."

"तू इंजिनिअर आहेस. डॉक्टर नाहीस. आणि ती पेटी पालीची आहे."

"अप्पा, सहा आठवडे..."

"पुरे म्हटलं ना!"

ते ताडताड जिना उतरून दुकानात गेले. आयग्लास लावला, घड्याळ उघडलं आणि काहीच न करता बसून राहिले. राग मुलीवर नव्हता. भीती वाटत होती. हे डोळे गेले तर आपण कोण? दुकानाबाहेर पाटीवर नाव आहे ते ह्या डोळ्यांचं. हात काय, कुणाचेही असतात. एवढा मोठा माणूस, पण त्या क्षणी कुणीतरी येऊन 'काही झालेलं नाही' असं म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं. म्हणायला कुणी आलं नाही. वर शलाका रडत होती, तेही त्यांना ऐकू आलं.

रविवारी दोघं एकमेकांशी कामापुरतं बोलले. संध्याकाळी लंबकच्या डोळ्यात थेंब घालायची वेळ झाली. अंबादासांनी आयग्लास चढवला. आता चिमटा नाही, फक्त थेंब. लंबकला हळूच उचलून थेंब घातला, परत पेटीत सोडला आणि अळ्यांचा डबा आणायला वळले. डबा घेऊन आले, बघतात तर पेटी रिकामी. झाकण उघडं.

"शलाके! लंबक पळाला!"

ते गुडघ्यावर बसून टेबलाखाली चाचपायला लागले. जिन्याचं दार उघडंच होतं आणि गल्लीत बोक्यांना तोटा नाही. धाबं दणाणलं त्यांचं. "एका डोळ्यानं अधू आहे तो, कुठं जाणार, तुडवला जाईल कुणाच्या तरी पायाखाली..."

शलाका धावत आली. पेटीकडं बघितलं, मग बापाकडं.

"अप्पा," ती हळू आवाजात म्हणाली, "तो कुठंही गेला नाही. दगडावर बसलाय. उजव्या कोपऱ्यात. तुमच्याकडंच बघतोय."

"कुठाय? मला दगड दिसतोय. दगडावर काही नाही."

"मान फिरवा."

त्यांनी मान उजवीकडं वळवली, आणि हळदीच्या रंगाचा, ठिपक्यांचा, चांगला वीतभर प्राणी कुणीतरी आत्ताच आणून ठेवल्यासारखा दगडावर होता. मान पुन्हा सरळ केली. दगड रिकामा. वळवली. लंबक. अंबादासांनी असं चारदा केलं. मग उजव्या डोळ्यावरचा आयग्लास काढला, तर मान सरळ असतानाही तो दिसला. म्हणजे नाकाकडची ती बाजू एरवी उजवा डोळा सांभाळून घेत होता. त्याच्यावर भिंग चढलं की ती बाजू कुणाचीच नव्हती. लंबकनं तिकडूनच पाय टेकवला होता त्या चिमट्याच्या दिवशी.

ते उठून खाली दुकानात गेले. शलाका मागोमाग गेली.

दुकानाच्या भिंतीवर बंद पडलेल्या एका गिरणीचं मोठं घड्याळ होतं, दोन हात रुंद तबकडीचं. अंबादास त्याच्यासमोर हातभर अंतरावर उभे राहिले. उजव्या डोळ्यावर तळवा ठेवला आणि डाव्यानं नजर तबकडीच्या मधोमध, काट्यांच्या खिळ्यावर रोवली. नजर रोवणं त्यांना कुणी शिकवायला नको होतं. बारा होता. पाच होता, सहा, सात, थेट अकरापर्यंत सगळे होते. एक नव्हता. दोन नव्हता. तीन, चार नव्हते. तिथं काळोख नव्हता की धुकं नव्हतं. तबकडी तिथं नुसती पांढरी होती, आकडे छापायचे राहून गेल्यासारखी. मेंदू मोठा लबाड. जे दिसत नाही तिथं तो आजूबाजूचा रंग फासून मोकळा होतो, आणि आपल्याला वाटतं सगळं दिसतंय.

मग त्यांनी डावा डोळा झाकला. उजव्यानं सगळे आकडे दिसले. फक्त दहाचा आकडा पुसट होता. जुन्या तबकडीवर होतो तसा.

"दहा चाललाय," ते म्हणाले. "शलाके, उद्या सकाळी किती वाजता उघडतो तुझा तो दवाखाना?"

दवाखान्यात तपासणी झाली. काचबिंदूच होता. डाव्या डोळ्यातलं गेलेलं परत येणार नाही, उरलेलं टिकवता येईल. आणि उजवा अगदी वेळेत हाती लागला होता. थेंब सुरू झाले. पंधरा दिवसांनी दोन्ही डोळ्यांत केसाहून बारीक नळ्या बसवल्या, दाब उतरायला. त्या नळीचं काम ऐकून अंबादास इतके खूश झाले की त्यांनी डॉक्टरला दहा प्रश्न विचारले. डॉक्टरनं एकच विचारला: "एवढ्या आधी कुणी येत नाही हो. तुम्हाला पाठवलं कुणी?"

"पालीनं," अंबादास म्हणाले, आणि डॉक्टर हसले ते विनोद समजून.

इथं गोष्ट संपली असती. पण शलाका पुण्याला गेली आणि आठवड्यानं तिचा फोन आला. आवाज पडलेला.

"अप्पा, बाराशे पेट्यांतल्या बाजूला टाकलेल्या नोंदी बघितल्या मी. नावं नाहीत त्यांत, नुसते डोळे. तुमच्यासारखी घसरणारी रेघ एकतीस जणांची आहे. एकतीस माणसं रोज संध्याकाळी आपल्या गेकोला भरवतात आणि त्यांना पत्ता नाही."

"मग सांग की त्यांना."

"साहेब नाही म्हणतात. पेटीचा परवाना जनावरांचा आहे. माणसाच्या डोळ्याबद्दल चकार शब्द काढला तर परवाना जाईल. नोंदी पुसून टाक म्हणाले. मी हट्ट धरला तर नोकरी जाईल माझी."

अंबादासांसमोर एक घड्याळ उघडं पडलं होतं, कुणीतरी आधीच चुकीचं चक्र घालून बिघडवलेलं.

"शलाके, तू जी दुरुस्ती केलीस, तिच्यानं लंबकचा डोळा जात होता. खरं ना?"

"खरं."

"म्हणजे बाराशे गेकोंचे डोळे धोक्यात आहेत. दुकानात आपण काय करतो? आपल्या हातून बिघडलं तर आधी होतं तसं करून ठेवायचं. बाकीचं बोलणं मग. तुझी दुरुस्ती काढून टाक. तेवढं तर साहेब नाही म्हणणार नाहीत?"

शलाका श्वास रोखून ऐकत होती. "ती काढली की पेटी पुन्हा प्राणी क्रमांक दोन म्हणायला लागेल."

"म्हणू दे की. प्राणीच म्हणते. माणूस कुठं म्हणते? आणि आपण काय दगड आहोत का?"

दुसऱ्या दिवशी शलाका साहेबांपुढं उभी राहिली आणि माझी दुरुस्ती चुकली असं सगळ्यांदेखत म्हणाली. गेकोचे डोळे जातील म्हटल्यावर साहेबांचा नाइलाज झाला. पुढं काय होणार हे त्यांच्या ध्यानात आलं होतं की नाही, शलाकाला शेवटपर्यंत कळलं नाही. कागदावर सही करताना ते एवढंच म्हणाले, "मला लहानपणी पालीची भीती वाटायची." त्या संध्याकाळी बाराशे घरांत पेट्या पुन्हा होत्या तशा झाल्या.

पण अंबादासांना ठाऊक होतं, लोक काय करणार. लोक केरसुणी घेऊन कपाटामागं बघणार. म्हणून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा गेको पाळणाऱ्यांच्या ग्रुपवर लिहिलं. त्यांच्यावर कुठल्या परवान्याचं बंधन नव्हतं. एका बोटानं टाइप करायला त्यांना अख्खी दुपार लागली.

"मी अंबादास क्षीरसागर, घड्याळजी, सोलापूर. तुमची पेटी प्राणी क्रमांक दोनबद्दल काही बोलली तर हसू नका. मी हसलो, माझे चार आकडे गेले. भिंतीवरच्या मोठ्या घड्याळासमोर हातभर अंतरावर उभे राहा. एक डोळा झाका. दुसरा मधल्या खिळ्यावरून हलवू नका. आकडे मोजा. मग दुसरा डोळा. एखादा आकडा नसेल किंवा पुसट असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरकडं जा. सगळे दिसले तरी, पेटी पुन्हा पुन्हा सांगत असेल तर जा. शंका असेल तर मला फोन करा." खाली नंबर दिला.

पहिल्या दिवशी ग्रुपवर सगळे हसले. कुणी लिहिलं, काका, आमचा प्राणी क्रमांक दोन म्हणजे आमचे हे, त्यांना कधीच काही दिसत नाही. अंबादासांनी ते शलाकाला फोनवर वाचून दाखवलं आणि दोघंही हसले.

तिसऱ्या दिवशी, ते लंबकला अळी देत असताना फोन वाजला. अनोळखी बाई. "मी अकोल्याहून बोलते, तायडे. बालवाडीत शिकवते. तुम्हीच का ते घड्याळवाले भाऊ? आमची पेटी रोज उजवा डोळा, उजवा डोळा म्हणते. मी आत्ता घड्याळापुढंच उभी आहे."

"डावा डोळा झाका, ताई. खिळ्याकडं बघा. सावकाश मोजा."

"बारा," ताई म्हणाल्या. "एक. दोन. तीन. चार. पाच. सहा. सात." मग थांबल्या. मागं कुठंतरी कुकरची शिटी झाली. "आठ नाही हो, भाऊ. नऊ पण नाही."

"नजर हलवू नका. दहा?"

"दहा आहे. अकरा आहे." त्यांचा आवाज बारीक झाला. "गेलेले परत येतात का?"

अंबादासांना खोटं बोलावंसं वाटलं. त्या दिवशी दुकानात बसून हेच खोटं त्यांना ऐकायचं होतं.

"नाही येत, ताई," ते म्हणाले. "माझे नाही आले. पण उद्या सकाळीच दवाखान्यात गेलात, तर उरलेले सगळे राहतात. माझे राहिलेत. दोन घड्याळं दुरुस्त केलीत मी आज. आता दुसरा डोळा बघू. उजवा झाका."

पलीकडं नाक ओढल्याचा आवाज आला. मग तायडे ताईंनी बारापासून पुन्हा मोजायला सुरुवात केली, आणि बाराच्या बारा आकडे होईपर्यंत अंबादास फोन कानाला धरून एकेका आकड्याला "हं" म्हणत राहिले.